लिनक्सवर डोंगल चालवायचाय? मग एपीएन सगळ्यात शेवटी

"डोंगल लावला, एपीएन टाकला, तरी कनेक्ट होत नाही, काय करू?" असं विचारणारं कोणी ना कोणी भेटतंच, आणि स्क्रीनशॉट पाठवतात कशाचा, तर एपीएनच्या खिडकीचा. (एपीएन म्हणजे मोबाइल कंपनीच्या डेटा नेटवर्कच्या दाराचं नाव.) अरे बाबा, डोंगल मॉडेम म्हणून दिसतोय का, सिम वाचलं गेलंय का, टॉवरने आत घेतलंय का, हे काहीच न बघता डायरेक्ट एपीएन बदलत बसायचं, मग दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या लेखातून डब्ल्यूव्हीडायल (मॉडेमवरून डायल करणारा जुना प्रोग्राम) टाकायचं, मग दोन्ही एकमेकांच्या अंगावर. म्हणून खालचा क्रम मोडू नका. जिथे तपासणी दिलीय, तिथे ती पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मी उबुंटू आणि मिंट धरून लिहितोय, डेबियनवरही हेच चालतं. कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरात टाकायच्या, आकडेही रोमन, आणि सगळं स्मॉल. जिथे कॅपिटल लागतं तिथे मी वेगळं सांगेन, कारण लिनक्सला तो फरक कळतो आणि अर्धे लोक तिथेच आपटतात.

## १. सिम आधी फोनमध्ये घालून बघा

ही पायरी सगळे टाळतात कारण ती लिनक्सची वाटत नाही. सिम फोनमध्ये घाला, वायफाय बंद करा, एक वेबसाइट उघडा. प्लॅन संपलेला असणं, नवीन सिम ॲक्टिव्हच झालेलं नसणं, आजचा दीड जीबी दुपारीच उडालेला असणं, यातलं काहीही असेल तर लॅपटॉपसमोर बसून ते कळणार नाही, नुसतंच कनेक्शन फेल दिसेल.

फोनमध्ये असतानाच सिमचा पिन लॉक बंद करून टाका. फोनच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असतं. पिन ठेवायचाच असेल तर तो आत्ता नक्की माहीत करून घ्या. तीन वेळा चुकलात तर सिम पीयूके (सिमचं कुलूप उघडायचा कोड) मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं गेलं, मग दुकानात जाऊन नवीन घ्या.

सावध: डोंगलला बहुतेक वेळा मोठं सिम लागतं आणि आपल्याकडे असतं नॅनो, मग आपण ॲडॉप्टर लावतो. रिकामं ॲडॉप्टर कधीही आत सरकवू नका, आणि सिम ॲडॉप्टरमध्ये सैल बसत असेल तर मागून सेलोटेपचा बारीक तुकडा लावा. माझा एक चांगला डोंगल असाच गेला. ॲडॉप्टर बाहेर ओढताना सिम आतच राहिलं, ॲडॉप्टरच्या कडेत कॉन्टॅक्टची पिन अडकली आणि उभी राहिली, मी चिमट्याने सरळ करायला गेलो तर तुटूनच हातात आली.

## २. हातात काय आहे ते ओळखा

डोंगल म्हणून जे मिळतं ते सगळं एक नसतं. तीन जाती धरा.

पहिली जात म्हणजे खरा मॉडेम. हा कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट किंवा डब्ल्यूवॅन (मोबाइल नेटचं) कार्ड म्हणून दिसतो, कनेक्शन जोडायचं काम लिनक्सने करायचं असतं. जुने नेटसेटर टाइप सगळे यातलेच.

दुसरी जात म्हणजे डोंगलच्या पोटात छोटा राउटर. हुआवेचे हायलिंक मॉडेल, ई३३७२ चं एक रूप वगैरे. हा लिनक्सला साधं लॅन कार्ड म्हणून दिसतो. मॉडेममॅनेजर (मॉडेम सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम), एपीएन प्रोफाइल, डायल नंबर, कशाचीही गरज नाही. लावायचा, अर्धा मिनिट थांबायचं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडायचं आणि एपीएन टाकायचाच असेल तर तिथे त्याच्या पानावर टाकायचा. जिओफाय केबलने जोडलंत तरी प्रकार हाच, फक्त पत्ता १९२.१६८.२२५.१. लोक या जातीच्या डोंगलवर तासन्‌तास मोबाइल ब्रॉडबँडचं प्रोफाइल बनवत बसतात आणि मॉडेम सापडत नाही म्हणून रडतात. सापडणार कसा, तो स्वतःला मॉडेम म्हणतच नाहीये. तुमचा डोंगल यातला असेल तर ४ थ्या पायरीत तो सीडी बनून बसला नाही एवढं बघा, थेट ९ व्या पायरीवर जा, आणि मग १० वी वाचा.

तिसरी जात म्हणजे मेलेले. कपाटातून निघालेला सीडीएमए (जीएसएमहून वेगळं जुनं मोबाइल तंत्र) डोंगल असेल तर विषय संपला, ती नेटवर्क आपल्याकडे केव्हाच बंद झालीयेत. ३जी डोंगल असेल तर जिओचं सिम त्यात चालणारच नाही कारण जिओकडे ३जी कधी नव्हतंच. एअरटेलनेही २०१९ पासून एकेका सर्कलमध्ये ३जी बंद करत आणलं, त्यामुळे त्या डोंगलला रेंज दाखवली तरी ती २जीची असेल आणि त्यावर मेल उघडायलाही चहा होऊन येईल.

बाहेरच्या देशातून कोणी डोंगल आणला असेल तर बॅंड बघा. जिओचं ४जी बॅंड ३, ५ आणि ४० वर आहे. युरोपातल्या मॉडेलमध्ये ३ बहुतेक असतो, पण ५ आणि ४० असतीलच असं नाही. ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, भिंतीतून आत शिरणारा आणि लांब पोचणारा, गावाकडे तोच कामाला येतो.

## ३. सॉफ्टवेअर आधी उतरवून ठेवा

नेट लावायला पॅकेज पाहिजे आणि पॅकेज उतरवायला नेट पाहिजे, हा घोळ. उबुंटू आणि मिंटच्या डेस्कटॉपवर लागणारं सगळं बहुतेक आधीच असतं, पण डेबियन हलकं करून टाकलं असेल तर नसतं. सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग ऑन करा, काहीही न करता नेट येतं, आणि मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल मॉडेममॅनेजर यूएसबी-मोडस्विच नेटवर्क-मॅनेजर

सावध: पॅकेजचं नाव मॉडेममॅनेजर सगळं स्मॉल, पण सर्व्हिसचं नाव टाकताना दोन्ही एम कॅपिटल. तसंच पॅकेज यूएसबी-मोडस्विच डॅशने, पण कमांड चालवताना डॅशच्या जागी अंडरस्कोर. कोणी असं का ठेवलं विचारू नका.

तपासणी: सिस्टेमसीटीएल स्टेटस मॉडेममॅनेजर, दोन्ही एम कॅपिटल. हिरव्यात ॲक्टिव्ह रनिंग दिसलं पाहिजे. दिसलं की टेदरिंग बंद करा आणि फोनची केबल काढा, नाहीतर पुढे नेट कुठून येतंय तेच कळणार नाही.

## ४. डोंगल सीडी बनून बसलाय का

हे डोंगल बनवताना विंडोजवाल्यांचा विचार केलेला. लावला की आधी तो सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, ज्यात विंडोजचा इन्स्टॉलर असतो, आणि कोणीतरी त्याला "आता मॉडेम हो" असा निरोप दिल्यावर तो रूप बदलतो. लिनक्सवर तो निरोप यूएसबी मोडस्विच देतो. बहुतेक वेळा आपोआप.

एलएसयूएसबी कमांड द्या. प्रत्येक ओळीत आयडी असतो, कोलनच्या अलीकडे कंपनी आणि पलीकडे मॉडेल. हुआवे म्हणजे १२डी१, झेडटीई म्हणजे १९डी२. मजा पलीकडच्या भागात आहे. उदाहरणार्थ हुआवेच्या बऱ्याच जुन्या डोंगलचा आयडी सीडी असताना १२डी१:१४४६ असतो आणि मॉडेम झाल्यावर १२डी१:१००१. हायलिंकवाला १एफ०१ वरून १४डीसी होतो. म्हणजे डोंगल लावल्यालावल्या एकदा एलएसयूएसबी, वीस सेकंदांनी परत एकदा, आणि आकडा बदलला की समजायचं गडी उठला.

नाही बदलला तर फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी दिसत असेल तिच्यावर इजेक्ट करून बघा, काही डोंगलला तेवढंच पुरतं. तरी नाही तर हाताने, डोंगल वरच्या १४४६ वाला आहे असं धरून:

सुडो यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४४६ -जे

यातला शेवटचा जे कॅपिटल. तुमचे आकडे एलएसयूएसबीतून घ्या, माझे कॉपी करू नका. जे हा हुआवेसाठीचा निरोप आहे, झेडटीईवर तो मारून उपयोग नाही.

आकडा बदलतोय पण पुन्हा पहिल्यासारखा होतोय, डोंगल सारखा गायब होऊन परत येतोय, असं असेल तर तो सॉफ्टवेअरचा प्रश्न नाहीच, करंट पुरत नाहीये. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअरच्या हिशोबाने बनवलेला असतो, आणि डोंगल टॉवर शोधताना जास्त ओढतो. स्वस्तातला हब काढा, थेट लॅपटॉपला लावा.

तपासणी: एलएसयूएसबीमध्ये मॉडेमचा आयडी स्थिर दिसतोय, निदान दोन मिनिटं.

## ५. मॉडेममॅनेजरला तो दिसतो का

एमएमसीएलआय (मॉडेममॅनेजरशी बोलायची कमांड) -एल, एल कॅपिटल. एक ओळ यायला हवी, तिच्या शेवटाकडे मॉडेम, तिरकी रेघ, आणि एक आकडा, मग मॉडेमचं नाव. काही मॉडेम सापडला नाही असं आलं तर घाई करू नका, मॉडेममॅनेजर एकेक पोर्ट ठोकून बघतो, त्याला अर्धा मिनिट लागू शकतं.

तो आकडा लक्षात ठेवा. सगळ्या लेखांत शून्य लिहिलेलं असतं आणि लोकही शून्यच टाकतात, पण डोंगल काढून परत लावला की आकडा एकाने वाढतो. पाचव्यांदा लावल्यावर तो चार झालेला असतो आणि तुम्ही शून्याला हाका मारत असता. त्यामुळे दर वेळी आधी ही कमांड, मग पुढचं. आकड्याच्या जागी एनी लिहिलं तरी चालतं, मी तेच करतो.

सावध: आधी कधी डब्ल्यूव्हीडायल लावून ठेवलं असेल तर ते बंद करा. पोर्ट एकच, त्यावर एका वेळी एकानेच बसायचं. डिव्हाइस बिझी असा एरर आला की समजा दोघांची मारामारी चाललीय. आणि जुन्या लेखांत स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला असं सांगतात, नेटवर्क मॅनेजर वापरताना त्याची गरजच नाही. तरीही करायचंच असेल तर यूजरमॉडच्या कमांडमध्ये -एजी हे दोन्ही अक्षरं पाहिजेत, ए स्मॉल आणि जी कॅपिटल. ए विसरलात तर तुम्ही बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर, सुडोमधूनसुद्धा, आणि मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरा.

## ६. सिम

एमएमसीएलआय -एम एनी. लांबलचक यादी येते, घाबरू नका, तूर्तास स्टेट आणि लॉक या दोनच ओळी बघा.

स्टेट फेल्ड आणि कारण सिम मिसिंग असेल तर सिम उलटं किंवा सैल आहे. डोंगल काढून मग सिम काढा, चालू डोंगलमधून ओढू नका.

स्टेट लॉक्ड आणि लॉक सिम-पिन असेल तर एमएमसीएलआय -आय शून्य --पिन=तुमचा पिन. इथलं शून्य हे सिमचं, ते मॉडेमच्या आकड्याबरोबर बदलू शकतं, त्याच यादीत खाली सिमची ओळ असते तिथून घ्या.

पण लॉक पीएच-नेट-पिन असेल तर थांबा. हे सिमचं कुलूप नाही, डोंगलचं आहे. ज्या कंपनीने विकला तिचंच सिम त्यात चालावं म्हणून घातलेलं. इथे सिमचा पिन टाकत बसलात तर मोजक्या संधी फुकट जातील. ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडून अनलॉक कोड मिळवा, नाहीतर त्याच कंपनीचं सिम घाला.

लॅपटॉपच्या आतच सिमचा खाचा असलेले जुने थिंकपॅड वगैरे घेतलेल्यांसाठी एक वेगळीच गंमत असते. मॉडेम दिसतो, सिम दिसतं, पण एनेबल करताच एरर. मॉडेममॅनेजर १.१८.४ पासून अशा काही मॉडेमचं एफसीसी लॉक (रेडिओ सुरू होऊ न देणारं कुलूप) आपोआप उघडत नाही. त्याच्या स्क्रिप्ट बरोबर आलेल्या असतात, यूएसआर शेअरखालच्या मॉडेममॅनेजरच्या (दोन्ही एम कॅपिटल) फोल्डरमध्ये एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी नावाने. त्यातली आपल्या मॉडेमची निवडून ईटीसीखालच्या मॉडेममॅनेजरच्या फोल्डरमधल्या एफसीसी-अनलॉक.डी मध्ये तिची लिंक करायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट.

## ७. टॉवरने आत घेतलं का

त्याच यादीत स्टेट रजिस्टर्ड दिसलं पाहिजे. डिसेबल्ड असेल तर एमएमसीएलआय -एम एनी --एनेबल द्या आणि थांबा. सर्चिंगवरच अडकलं असेल तर रेंज नाही किंवा बॅंड जुळत नाही. डिनाइड आलं तर सिम किंवा प्लॅनची भानगड, पहिल्या पायरीवर परत जा.

सिग्नलचा टक्का दिसतो त्याच्यावर फार विसंबू नका. खरा आकडा हवा तर एमएमसीएलआय -एम एनी --सिग्नल-सेटअप=५ आणि मग --सिग्नल-गेट. सगळे डोंगल हे देत नाहीत, पण देत असेल तर आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, बघा. उणे ८० च्या आसपास झकास, उणे ११० च्या खाली गेलं की नुसतं कनेक्टेड दिसेल आणि पान उघडणार नाही.

देवरुखजवळ मावशीच्या घरी मी हे करत होतो, जाड चिऱ्याच्या भिंती, लॅपटॉप माजघरात, आरएसआरपी उणे ११३. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधला, तर उणे ९६. सेटिंग एकही बदललं नव्हतं. मावशी म्हणाली, पाऊस आला की आत घे हो त्याला. एक्स्टेंशनचा दुसरा फायदा म्हणजे निळ्या यूएसबी ३ पोर्टचा रेडिओचा कचरा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि बॅंड ४० त्याला अगदी खेटून आहे, तेव्हा डोंगल लॅपटॉपपासून जरा लांब गेलेला बराच. पण केबल लांबलचक घेऊ नका, करंटचं रडगाणं परत सुरू होतं.

तपासणी: रजिस्टर्ड, आणि ॲक्सेस टेक्नॉलॉजीसमोर एलटीई, म्हणजे ४जी.

## ८. आता एपीएन

विझार्ड वापरणार असाल तर नेटवर्क कनेक्शन्स उघडा, अधिकचं चिन्ह, मोबाइल ब्रॉडबँड, देश इंडिया. पुढे कंपन्यांची यादी येते, ती जुनी असू शकते. बंद पडलेल्या कंपन्या त्यात हसत उभ्या असतात. यादीत न शोधता कंपनी हाताने लिहायचा पर्याय घ्या आणि एपीएनही हाताने टाका.

जिओ: जिओनेट. एअरटेल: एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. व्हीआय: नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. बीएसएनएल: बीएसएनएलनेट. स्पेलिंग फोनच्या एपीएन सेटिंगमध्ये बघून घ्या, पहिल्या पायरीला सिम तिथे चाललं होतं ना, मग तेच खरं. युजरनेम, पासवर्ड रिकामे. तिथे एखादी स्पेस चुकून राहिली तरी लफडं होतं, एकदा बॅकस्पेस मारून घ्या.

टर्मिनलवाल्यांसाठी:

एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप जीएसएम आयएफनेम '*' कॉन-नेम डोंगल एपीएन जिओनेट

तारकेभोवतीचे सिंगल कोट विसरू नका, नाहीतर टर्मिनल तिचा अर्थ फोल्डरमधल्या फाइली असा लावतं. डायल नंबर कुठे मागितला तर *९९#, नाही मागितला तर सोडून द्या. आयपीव्ही६ बंद करा असा सल्ला जुन्या लेखांत हमखास असतो, तो ऐकू नका, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही ऑटोमॅटिकवर राहू द्या, जिओ तर आयपीव्ही६ वरच भरपूर चालतं.

## ९. कनेक्ट, आणि नेट नक्की कुठून येतंय

एनएमसीएलआय (नेटवर्क मॅनेजरशी बोलायची कमांड) वापरून: एनएमसीएलआय कनेक्शन अप डोंगल. हायलिंकवाल्यांना हे लागत नाही. मग पिंग ८.८.८.८. चाललं तर पिंग विकिपीडिया डॉट ओआरजी. पहिलं चालतं, दुसरं नाही, म्हणजे फक्त डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधणारी सोय) बिघडलंय, डोंगलला शिव्या देऊ नका, प्रोफाइलमध्ये डीएनएस हाताने टाका.

आता सगळ्यात फसवा प्रकार. घरचा वायफायही चालू आहे, डोंगलही कनेक्टेड दाखवतोय, आणि तुम्ही म्हणता डोंगल मस्त चाललाय. नेटवर्क मॅनेजर प्रत्येक रस्त्याला एक आकडा देतो, लॅनला १००, वायफायला ६००, मोबाइल ब्रॉडबँडला ७००, आणि ज्याचा आकडा लहान त्याच्यातून ट्रॅफिक जातं. म्हणजे वायफाय असताना खऱ्या मॉडेमवाल्या डोंगलमधून काहीच जात नसतं. हायलिंकचं नेमकं उलटं, तो लॅन कार्ड असल्याचं सांगतो ना, त्याला १०० मिळतो आणि वायफाय फुकट चालू असताना तुमचा मोबाइल डेटा जळत राहतो. आयपी रूट कमांड देऊन डीफॉल्टच्या ओळी बघा, हा आकडा तिथे मेट्रिक म्हणून लिहिलेला असतो. ते २०७०० वगैरे दिसलं तर नेटवर्क मॅनेजरच्या मते या रस्त्यावर नेट पोचतच नाहीये, म्हणून त्याने २०००० चा दंड ठोकलाय.

तपासणी: वायफाय बंद करून, लॅनची वायर काढून, एक पान उघडलं.

## १०. डेटा वाचवा, आजच

हे राहिलं तर उद्या सकाळी उठेपर्यंत अपडेटनीच कोटा संपवलेला असेल. हे मोजून मिळालेलं नेट आहे हे लिनक्सला दर वेळी कळेलच असं नाही, स्पष्ट सांगा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय डोंगल कनेक्शन.मीटर्ड येस

हायलिंक असेल तर डोंगलच्या जागी त्या वायर्ड कनेक्शनचं नाव. उबुंटूवर स्नॅपला (ॲप टाकायची आणि अपडेट करायची त्याची वेगळी सोय) वेगळं सांगा, तो मीटर्ड असलं तरी आपणहून थांबत नाही:

सुडो स्नॅप सेट सिस्टेम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड

आणि कोणाला या डोंगलवर घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी लागू नका. कंपनी एकाच आयपीमागे बऱ्याच जणांना बसवते, आयपीव्ही४ वरून बाहेरचा कॉल तुमच्यापर्यंत येतच नाही.

## झोपून उठल्यावर डोंगल गायब

लॅपटॉप सस्पेंड करून उघडला की डोंगल दिसेनासा होतो, ही तक्रार सगळ्यात जास्त. आधी सुडो सिस्टेमसीटीएल रीस्टार्ट मॉडेममॅनेजर, एम कॅपिटल दोन्ही, आणि अर्धा मिनिट थांबा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर डोंगल काढा, दहापर्यंत मोजा, लावा, आणि एलएसयूएसबीमध्ये आकडा बघा. तो परत सीडीवाला झाला असेल तर ४ थ्या पायरीपासून, मॉडेमवालाच असेल तर ५ व्या. एपीएनला हात लावू नका, तो काल चालत होता म्हणजे आजही बरोबरच आहे.